गवत कापायचं मशीन : बंद आहे म्हणजे निर्धोक आहे का?

‘मशीन तर बंद केलंय, मग पात्यात अडकलेलं गवत हाताने ओढून काढलं तर काय बिघडलं?’ पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन ज्याच्या हाती येतं, त्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. पुष्कळांना तो पडतही नाही. ते सरळ हात घालतात. या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं, की या यंत्राबद्दलची निम्मी माहिती आपोआप हाती येते. म्हणून या प्रकरणात त्या उत्तरापर्यंत पायरीपायरीने जाऊ आणि मग देखभालीकडे वळू.

१. भिवंडीत हे मशीन कशाला?

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आठवतात, गवत नाही. पण अंजूरफाट्यापासून काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडे, माणकोलीकडे गोदामांच्या रांगा बघत निघा. दोन गोदामांमधली पट्टी, कुंपणाच्या कडेची जागा, गटारांचे काठ, महामार्गाचे उतार हे सगळं जूनच्या पावसाने हिरवं होतं आणि ऑगस्टपर्यंत कमरेएवढं वाढतं. टाकळा, लव्हाळा, गाजरगवत, मध्येच घाणेरीचं झुडूप. त्यात घोणस किंवा नाग असू शकतो, डास तर असतातच. पाऊस संपला की हेच गवत वाळतं आणि डिसेंबरनंतर त्यावर पडलेली एक पेटती विडी पुरते. आत सूत, कापड, पुठ्ठा, प्लॅस्टिक भरलेलं असताना भिंतीला लागून वाळलेलं गवत उभं ठेवणं परवडणारं नाही. गोदामांच्या आगी भिवंडीकरांना नव्या नाहीत. त्यामुळे गवत कापणं हे इथे शोभेचं काम नाही, सुरक्षेचं आहे.

याशिवाय गृहसंकुलांची हिरवळ आहे, शाळांची मैदानं आहेत आणि लग्नकार्याची लॉन्स आहेत. तिथलं गवत वर्षभर बोटभर उंचीचं राखावं लागतं.

या दोन कामांना दोन वेगळी मशीनं लागतात. सपाट हिरवळीसाठी चाकांचं, ढकलत न्यायचं मशीन, म्हणजे लॉनमोवर. रानटी, उंच गवतासाठी पट्ट्याने खांद्याला अडकवायचं लांब दांड्याचं मशीन, ज्याला आपल्याकडे सगळे ब्रश कटर किंवा नुसतं ‘ग्रास कटर’ म्हणतात. कमरेएवढ्या गवतात लॉनमोवर घालणं ही पहिली चूक. ते गुदमरतं, गवत पात्याभोवती गुंडाळलं जातं आणि मग कोणीतरी हात घालतो. उंच गवत आधी विळ्याने किंवा ब्रश कटरने खाली आणावं. हिरवळीलाही एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नये. गवत ९ सेंटिमीटर वाढलं असेल तर ६ वर आणा, आठवडाभराने पुन्हा फिरवा. यंत्रावर ताण येत नाही आणि गवतही पिवळं पडत नाही.

२. कापडाच्या गिरणीतून बागेत

यंत्रमागांच्या गावाला आपलीशी वाटेल अशी गोष्ट आहे. गवत कापायचं पहिलं यंत्र कापडाच्या यंत्रावरून सुचलं. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउडजवळ लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणून झालेल्या कापडावर जी लव उभी राहते, ती एकसारखी कापण्यासाठी तिथे फिरत्या पात्यांचा रूळ वापरत. एडविन बडिंग नावाच्या तिथल्या कारागिराच्या मनात आलं, की लव कापता येते तर गवत का नाही? १८३० मध्ये त्याने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. तोपर्यंत हिरवळ राखण्यासाठी लांब दांड्याचे कोयते चालवणारी माणसं किंवा चरणारी मेंढरं हेच उपाय होते.

बडिंगचं यंत्र कात्रीच्या तत्त्वावर चालायचं. फिरणाऱ्या रुळावरची पाती आणि खाली स्थिर असलेली एक पट्टी यांच्या मध्ये गवत सापडून कापलं जायचं. अशा कापण्याला वेग फार लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर पेट्रोलचं इंजिन बसलं आणि मग दुसरी पद्धत रुजली. जमिनीला समांतर असं एकच आडवं पातं, इंजिनाला थेट जोडलेलं, प्रचंड वेगाने फिरणारं. १९५२ मध्ये सिडनीत मर्व्हिन रिचर्डसन यांनी घरच्या गॅरेजमध्ये असं हलकं मशीन बनवलं आणि त्याला पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा लावला. त्यातून ‘व्हिक्टा’ ही कंपनी उभी राहिली. १९७१ च्या सुमारास अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये जॉर्ज बलास यांना गाड्या धुणारे फिरते ब्रश पाहून पात्याऐवजी नायलॉनची दोरी फिरवायची कल्पना सुचली. आज ब्रश कटरच्या टोकाला जी नायलॉन दोरीची डबी असते, तिची सुरुवात ती.

इतिहास सांगायचं कारण एकच. कात्रीसारखं कापणं मागे पडलं आणि झपाट्याने मारून तोडणं आलं. आडव्या पात्याखाली दुसरी पट्टी नसते. गवताला टेकायला काहीच नाही, तरी ते कापलं जातं, कारण बाजूला वाकायला त्याला वेळच मिळत नाही. हा वेग किती असतो ते आता मोजू.

३. पात्याच्या टोकाचा वेग

साधारण लॉनमोवरचं पातं टोकापासून टोकापर्यंत ४६ सेंटिमीटर असतं आणि मिनिटाला ३,००० फेऱ्या घेतं. म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. एका फेरीत पात्याचं टोक ४६ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे १.४४ मीटर अंतर कापतं. सेकंदाला ५० फेऱ्या म्हणजे ७२ मीटर. ताशी वेग काढला तर सुमारे २६० किलोमीटर.

ब्रश कटरचं लोखंडी पातं लहान असतं, साधारण २५ सेंटिमीटरचं, पण फेऱ्या मिनिटाला ७,००० पर्यंत जातात. तिथे टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो.

या वेगाने गवत कापलं जातं, तसाच खडाही उडतो. गोदामांच्या आवारात खडी, तारेचे तुकडे, खिळे, पॅकिंगच्या लोखंडी पट्ट्या आणि बाटल्यांच्या काचा असतात, आणि त्यांतली कुठलीही वस्तू पात्याच्या टोकाला लागली की गोफणीतल्या दगडासारखी सुटते. म्हणून ब्रश कटर चालू असताना १५ मीटरच्या आत दुसरं कोणी असू नये. ही काळजी पोराबाळांची आहेच, पण त्याहून जास्त शेजारी उभं राहून गवत गोळा करणाऱ्या सोबत्याची आहे. बहुतेक वेळा तोच सर्वांत जवळ असतो. त्याने थांबावं आणि मशीन बंद झाल्यावर पुढे यावं.

आणखी एक हिशेब. पापणी लवायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात लॉनमोवरचं पातं बारा फेऱ्या मारतं. ‘लागतंय असं वाटलं की हात मागे घेईन’ हा विचार या गणितात बसत नाही.

४. बंद मशीन चालू कसं होतं?

आता मूळ प्रश्नाकडे. मोटारीला किल्ली असते, बॅटरी असते. किल्ली काढली की इंजिन पेट घेणार नाही, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. लॉनमोवरला बहुधा किल्ली नसते आणि बॅटरीही नसते. मग प्लगला ठिणगी कुठून मिळते?

जुन्या सायकलींना डायनॅमो असायचा. चाक फिरलं की दिवा लागायचा आणि चाक थांबलं की विझायचा. वीज कुठे साठवलेली नसायची, फिरण्यातूनच तयार व्हायची. लॉनमोवरमध्ये हेच घडतं. इंजिनाच्या वर एक जड चाक असतं, त्यात चुंबक बसवलेले असतात आणि शेजारी तारेचं वेटोळं असतं. चाक फिरून चुंबक वेटोळ्यासमोरून गेले की वीज तयार होते आणि प्लगला ठिणगी पडते. या व्यवस्थेला मॅग्नेटो म्हणतात. आपण दोरी ओढतो ती हे चाक फिरवण्यासाठीच.

आता पुढची पायरी. लॉनमोवरमध्ये ते जड चाक, इंजिनाचा दट्ट्या ज्याला फिरवतो तो दांडा आणि खालचं पातं हे सगळं एकाच आसावर असतं. मध्ये काही नाही. इंजिन फिरलं की पातं फिरतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पातं फिरलं की इंजिनही फिरतं, हे लक्षात येत नाही. अडकलेलं गवत काढताना हाताने पातं गर्रकन फिरवलं, तर तुम्ही खालच्या बाजूने दोरी ओढल्यासारखंच झालं. सिलिंडरमध्ये पेट्रोलची थोडी वाफ उरलेली असेल आणि ठिणगी बंद करणारी व्यवस्था बिघडलेली किंवा कोणी बांधून ठेवलेली असेल, तर इंजिन एखादा झटका मारू शकतं. त्या वेळी बोटं पात्यापाशीच असतात. ठिणगी पडली नाही तरी सिलिंडरमध्ये दाबलेली हवा पात्याला मागे ढकलू शकते, आणि धारदार पात्याला तेवढं पुरतं.

उपाय दोन सेकंदांचा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. प्लगवर रबरी टोपी असते, ती ओढून काढायची आणि प्लगपासून दूर वळवून ठेवायची. टोपी निघाली की ठिणगी नाही, ठिणगी नाही म्हणजे इंजिन नाही. त्यानंतर हातमोजे घालून, हाताऐवजी काठीने गवत काढायचं. क्रम असा ठेवा : इंजिन बंद, पातं पूर्ण थांबलं हे डोळ्यांनी पाहिलं, टोपी काढली, मग वाकायचं. पात्याशी संबंधित कुठलंही काम असो, धार बघणं असो की धुणं, टोपी आधी. या प्रकरणातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं विसरू नका.

ब्रश कटरची रचना थोडी वेगळी आहे. तिथे इंजिन आणि पात्याच्या मध्ये क्लच असतो. इंजिन हळू चालत असताना क्लच सुटलेला राहतो आणि पातं थांबलेलं असतं. वेग वाढवला की क्लचचे तुकडे बाहेर फेकले जाऊन डबीला धरतात आणि पातं फिरू लागतं. त्यामुळे हाताने पातं फिरवून इंजिन चालू व्हायचं भय तिथे नाही. तरीही टोपी काढायचीच, कारण एकजण खाली नायलॉनची दोरी गुंडाळत असताना दुसरा ‘बघू तरी चालू होतंय का’ म्हणून दोरी ओढतो. ब्रश कटरची वेगळी परीक्षा आहे. ट्रिगर पूर्ण सोडल्यावरही पातं फिरतच राहिलं, तर एकतर इंजिनाचा मंद वेग जास्त लावलेला आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेली आहे. ते दुरुस्त होईपर्यंत ते मशीन वापरू नये.

५. हाताखालची सळई बांधू नका

लॉनमोवरच्या दांड्याला एक वाकडी सळई असते. ती दांड्याबरोबर आवळून धरली तरच इंजिन चालतं. सोडली की ठिणगी तुटते आणि पातं थांबतं. अमेरिकेत १९८२ पासून असा नियम आहे की चालत ढकलायच्या मोवरचं पातं हात सोडल्यापासून ३ सेकंदांत थांबलं पाहिजे. माणूस पाय घसरून पडला, चक्कर आली, तर त्याचा हात सुटतो आणि यंत्र स्वतःहून थांबतं. इतकी साधी आणि इतकी चांगली युक्ती.

ही सळई सुतळीने किंवा ट्यूबच्या पट्टीने दांड्याला बांधून टाकलेली जागोजागी दिसते. कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘हात दुखतो.’ दुखत असेलच. मग अर्ध्या तासाने माणूस बदला, विसावा द्या. पण ती सळई बांधली की वर सांगितलेलं सगळं रक्षण गेलं.

६. पेट्रोल : टाकीतलं आणि डब्यातलं

इंजिनं दोन प्रकारची. फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल वेगळं आणि ऑइल वेगळं. बहुतेक लॉनमोवर असे असतात. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी जागाच नसते, म्हणून टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. बरेचसे ब्रश कटर असे असतात. टू-स्ट्रोकमध्ये नुसतं पेट्रोल घातलं तर दट्ट्या कोरडा घासून काही मिनिटांत जाम होतो.

किती मिसळायचं हे मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. प्रमाण ५० ला १ असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल. ४० ला १ असेल तर २५. २५ ला १ असेल तर ४०. अंदाजाने ‘एक झाकण’ ओतू नका. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं खुणांचं माप वापरा. आधी थोडं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल आणि डबा बंद करून चांगला हलवायचा. एका वेळी महिनाभर पुरेल इतकंच बनवा.

आता आपल्याला पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि भिवंडीच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त घातक, कारण ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं आणि इंजिनाची नळी तळातून ओढते. शिवाय जुन्या मशीनच्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, चिरतात. लहान इंजिनांच्या अनेक पुस्तिकांमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, म्हणून नवं मशीन घेताना वीस टक्क्यांचं चालतं का हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. जुन्या मशीनला उपाय एवढाच, की पेट्रोल टाकीत साठवून ठेवायचं नाही आणि नळ्या दर हंगामाला तपासायच्या.

डब्यातलं पेट्रोल हा भिवंडीत सर्वांत गंभीर विषय आहे. पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली चाळीस अंशांवरही पेट घेण्याइतकी तयार होते. मेच्या उन्हात तर विचारायलाच नको. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत दूर जाते. गोदामाच्या एका कोपऱ्यात ठेवलेल्या गळक्या डब्याची वाफ दुसऱ्या टोकाच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे माल असलेल्या गोदामात पेट्रोल ठेवू नये आणि पेट्रोल भरलेलं मशीनही ठेवू नये. वेगळी, हवेशीर, कुलूपबंद शेड हवी. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण ते घट्ट झाकणाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं एक लिटरपेक्षा मोठं नको, धातूचं २५ लिटरपेक्षा मोठं नको. शीतपेयाची प्लॅस्टिक बाटली या यादीत नाही. त्यात पेट्रोल ठेवू नये याला आणखी एक कारण आहे : तहानलेलं माणूस किंवा मूल ती तोंडाला लावतं.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून किमान दहा मिनिटं थांबा. सायलेन्सर तापलेला असतो आणि सांडलेल्या थेंबाला तो पुरेसा होतो. भरून झाल्यावर मशीन तिथेच चालू करू नका, तीन-चार मीटर दूर न्या. बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालवून बघू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही.

७. जागेवर गेल्यावर

मशीन खाली ठेवा आणि आधी काठी घेऊन सगळी जागा पायी फिरा. दगड, तारा, पट्ट्या, काचा उचला. पाण्याचे पाइप, दगडी खुणा, उघडी गटारं यांजवळ काठ्या रोवा. काठीने गवत हलवल्याने सापालाही निघून जायला वेळ मिळतो. साप दिसला तर काम थांबवा, त्याला वाट द्या किंवा सर्पमित्राला बोलवा.

गवत ओलं असेल तर थांबलेलं बरं. पाय घसरतात आणि ओलं गवत पात्याखाली चिकटून हात घालायचा मोह वाढतो. उतारावर ढकलायचा मोवर आडवा चालवावा, वर-खाली नाही, म्हणजे पाय घसरला तरी मशीन अंगावर येत नाही. मोवर कधीही स्वतःकडे ओढत मागे चालू नये. महामार्गाच्या तीव्र उतारावर मोवर न्यायचाच नाही.

ब्रश कटर उजवीकडून डावीकडे चालवत कापावा. तुमच्या समोरच्या पात्याला घड्याळाची तबकडी मानलं, तर बारा ते तीनच्या मधला भाग खोडाला किंवा कुंपणाच्या खांबाला लागू देऊ नये. तिथे लागलं की मशीन जोरात उसळतं. पात्यावरचा संरक्षक पत्रा काढून टाकणारे पुष्कळ आहेत, ‘गवत अडकतं’ म्हणून. तो पत्राच खडे पायांवर यायचे अडवतो. भिंतीलगत, पाइपांजवळ लोखंडी पातं नको, नायलॉनची दोरी लावावी.

८. डोळे, कान, पाय

डोळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे नुकसान कायमचं होतं. उडालेला खडा डोळा फोडू शकतो हे कोणालाही पटतं. पण गवताचं बारीक कुसळ बुबुळाला नुसतं ओरखडून गेलं तरी त्यातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. आपल्या देशात शेतीकाम करणाऱ्यांमध्ये बुबुळाच्या अशा जखमा फार आढळतात. पहिल्या दिवशी नुसतं खुपतं, लाली येते. माणूस औषधाच्या दुकानातून कुठलेतरी थेंब घेतो. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी झपाट्याने वाढते. डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि दुसऱ्या दिवशीही खुपत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जा. अर्थात डोळ्यालगत बसणारा चष्मा आणि वर जाळीचा मुखवटा असेल तर ही वेळ येत नाही. नुसती जाळी पुरत नाही. कुसळ तिच्यातून जातं.

कानांचा हिशेब असा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास कानांना सोसतो असं मानतात, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. ब्रश कटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १०० च्या आसपास जातो. यंत्रमागांच्या खटखटाटात वर्षं काढलेला माणूस हे काम धरतो तेव्हा त्याचे कान आधीच थकलेले असतात. रबरी बोळे स्वस्त आहेत, ते द्यावेत.

पायांत चपला चालणार नाहीत. गमबूट किंवा लोखंडी टोकाचे बूट, जाड पँट आणि पिंढऱ्यांना गार्ड. साचलेल्या पाण्यात काम असेल तर गमबूट दुप्पट गरजेचे, कारण पायाच्या लहान जखमेतून लेप्टोस्पायरोसिस शिरतो.

९. देखभाल

फोर-स्ट्रोक मशीनचं ऑइल दर वेळी, सपाट जमिनीवर, इंजिन थंड असताना बघा. ऑइल मोजायच्या पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये असावं. जास्त भरणंही वाईट, धूर होतो. नव्या मशीनचं पहिलं ऑइल पाच तासांनी बदला, कारण त्यात सुरुवातीचा धातूचा कीस असतो. पुढे दर पन्नास तासांनी किंवा सहा महिन्यांनी. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. इथली गटारं ओढ्यांना आणि शेवटी कामवारी नदीला मिळतात. गॅरेजवाल्याकडे द्या.

एअर फिल्टरकडे भिवंडीत जास्त लक्ष हवं. रस्त्याची धूळ आणि सुताचा उडता भुसा त्यात लवकर बसतो. स्पंजचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा आणि पुस्तिकेत सांगितलं असेल तर ऑइलचे दोन थेंब लावून पिळून बसवा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, हलक्या हाताने झटकायचा किंवा बदलायचा. पेट्रोलने काहीही धुऊ नका.

पातं काढायचं तर आधी टोपी काढा, आणि मोवर आडवा करताना एअर फिल्टर व कार्बोरेटरची बाजू वर ठेवा. उलटं केलं तर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. पात्याला मूळ कोनातच धार लावावी आणि दोन्ही टोकांचा धातू सारखा घासावा. मधल्या भोकात खिळा घालून पातं भिंतीवर आडवं टांगा. एक बाजू खाली गेली तर ती जड आहे, तिकडून थोडं घासा. असमतोल पात्याने मशीन थरथरतं, बोल्ट ढिले होतात आणि इंजिनाची बेअरिंग जातात.

पात्याला चीर गेली किंवा ते वाकलं तर टाकून द्या. भिवंडीत हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण यंत्रमागांच्या सुट्या भागांमुळे इथे वेल्डिंगवाले आणि लेथवाले गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या हाताला खरोखर गुण आहे. पण वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं. मागाचा सांधलेला भाग तुटला तर माग थांबतो. ताशी २६० किलोमीटरने फिरणारं सांधलेलं पातं तुटलं तर ते कोणाच्या तरी अंगात शिरतं.

ब्रश कटरच्या टोकाशी जी गिअरची पेटी असते तिच्यात ग्रीस भरायचा एक स्क्रू असतो. तो बहुतेकांना माहीतच नसतो. दर पंचवीस तासांनी थोडं ग्रीस भरा.

१०. ‘गेल्या वर्षी चालत होतं, आता चालू होत नाही’

जूनमध्ये गॅरेजवाल्यांकडे हीच तक्रार येते. डिसेंबरमध्ये टाकीत पेट्रोल ठेवून मशीन कोपऱ्यात ठेवलेलं असतं. सहा महिन्यांत पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि चिकट गाळ कार्बोरेटरच्या सुईएवढ्या भोकात बसतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो.

चालू होत नसेल तर प्लग काढून रंग बघा. फिका तपकिरी आणि कोरडा असेल तर ठीक. काजळी धरली असेल तर फिल्टर तुंबला आहे किंवा टू-टी ऑइल जास्त झालं आहे. पेट्रोलने ओला असेल तर चोक फार वेळ ओढून ठेवला गेला. प्लग पुसून, चोक उघडा करून थोड्या वेळाने दोरी ओढा. पूर्ण कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. दगडाला आपटल्यानंतर मशीन बंद पडलं आणि दोरी उलटी झटके देऊ लागली, तर जड चाकाची चावी कापली गेली असण्याची शक्यता आहे. ते काम मिस्त्रीचंच.

११. लागलंच तर

जखमेवर स्वच्छ कापड ठेवून जोरात दाबून धरा, हात वर उचला आणि १०८ ला फोन करा. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात आणि जोडता येत नाही. साप चावला तर चीर देऊ नका, आवळून बांधू नका, हलवाहलव न करता रुग्णालय गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येक जखमेनंतर विचारून घ्या.

हे मशीन विकत घेणारा आणि ते चालवणारा बहुधा वेगवेगळे असतात. घेणारा गोदामाचा मालक, सोसायटीचा सचिव किंवा ठेकेदार. चालवणारा आसपासच्या पाड्यावरून रोजावर आलेला मजूर. पुस्तिका इंग्रजीत आणि तीही कार्यालयाच्या कपाटात. म्हणून विनंती घेणाऱ्याला आहे. ज्या दिवशी मशीनचं बिल कराल, त्याच बिलात चष्मा, जाळीचा मुखवटा, कानांचे बोळे, हातमोजे आणि चालवणाऱ्याच्या मापाचे बूट लावून घ्या, आणि पहिल्यांदा दोरी ओढायच्या आधी प्लगची टोपी कुठे आहे ते त्याला दाखवून ती त्याच्याकडून काढून-लावून घ्या.